छत्तीस महिने

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या मुलाला एकवीस पूर्ण होणार होती, आणि ऑगस्टपासूनच घरात दहावीच्या निकालाआधी असतो तसा ताण होता. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आलेल्या घरांत एकविसावा वाढदिवस फार आनंदाचा नसतो. तोवर मूल आईबापाच्या व्हिसाला लटकून राहतं, त्याला एच-४ म्हणतात. एकविशी पूर्ण झाली की ते मूल मूल राहत नाही, आणि ग्रीन कार्ड हातात नसेल तर स्वतःचा व्हिसा शोधा, नाहीतर देश सोडा. आमचा अर्ज २०१४ सालचा. २०२५ मध्ये आमच्या रांगेत २०१३ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. म्हणजे रांगेत आमच्यापुढं थोडीच माणसं दिसत होती, पण रांग हलायची ती मुंगीच्या पावलांनी, आणि डिसेंबर काही थांबत नाही.

शेवटी त्याचा विद्यार्थी-व्हिसा झाला. एच-४ चा एफ-१. वकिलाचे पैसे दिले, सुटकेचा श्वास सोडला, रव्याचे लाडू केले. पुढच्या आठवड्यात त्याच्या विद्यापीठातून ईमेल आली. तुमचा व्हिसाचा प्रकार बदलला आहे, आतापर्यंत तुम्हाला आईवडिलांच्या वास्तव्यामुळं राज्याच्या रहिवाशाची फी लागत होती, ती पुढं चालू ठेवायची तर रहिवासाचा आधार नव्यानं सादर करा.

फीचा फरक सांगते, म्हणजे पोटात गोळा का आला ते कळेल. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या मुलाला एक दर, राज्याबाहेरच्याला दुसरा. ऑस्टिनच्या मोठ्या विद्यापीठात हाच फरक वर्षाला बारा हजार डॉलर आणि चाळीस हजारांच्या वर, असा आहे. इथल्या भाषेत इन-स्टेट आणि आउट-ऑफ-स्टेट. चार वर्षं म्हटलं तर एका घराची किंमत.

ईमेलसोबत एक पानी फॉर्म जोडला होता. प्रतिज्ञापत्र. मी अमुक, वय तमुक. मी टेक्सासमधल्या शाळेतून बारावी झालो. त्याआधीचे सलग छत्तीस महिने मी टेक्सासमध्ये राहत होतो. आणि शेवटी, मी कायम रहिवासी होण्यासाठी अर्ज केला आहे किंवा पात्र होताच करीन. खाली नोटरीपुढं सही.

फॉर्म वाचून मला हायसं वाटलं, आणि मग एकदम ओळखीचं काहीतरी टोचलं. हा फॉर्म मी आधी पाहिला होता.

शनिवारी दुपारी मी आमच्या गावच्या लायब्ररीत मुलांना गणित शिकवते. फुकट. हायस्कूलची मुलं येतात, कॅल्क्युलसला घाबरलेली. त्यांतली एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडून इंटिग्रेशन शिकता शिकता मधेच दप्तरातून कागद काढून म्हणाली होती, "मिस, यातला हा शब्द काय आहे?" शब्द होता 'अफिडेव्हिट'. ती मेक्सिकोतून दोन वर्षांची असताना आली, २००८ च्या वसंतात. आम्हीही त्याच वर्षी आलो, गणपतीनंतर, विमानानं, चार बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन. ती कशी आली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

तिचा तो फॉर्म आणि माझ्या मुलाचा फॉर्म एकच होता. ओळ न् ओळ.

शनिवारी तिलाच विचारलं, नोटरी कुठं करतेस? ती म्हणाली, "बँकेत करा मिस, खातं असेल तर फुकट. त्या कुरियरवाल्या दुकानात दहा डॉलर घेतात." आमच्या वकिलानं तासाला किती घेतले ते आठवून मला हसू आलं. कामाचा सल्ला शेवटी एका अठरा वर्षांच्या पोरीनं दिला, तोही फुकट.

*

आता कबुलीजबाब. हा फॉर्म ज्या कायद्यातून आला, टेक्सासमध्ये शाळा झालेल्या, कागद नसलेल्या मुलांनाही राज्यातल्या दरानं फी लावणारा, त्या कायद्याबद्दल मी एकेकाळी बरंच वाईट बोलले आहे.

कायदा २००१ सालचा. अशी सवलत देणारं टेक्सास हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, त्या वर्षी पुढं कॅलिफोर्नियानंही केला. सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांनी, आणि दोन्ही सभागृहांत मिळून विरोधी मतं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आज हे सांगितलं तर इथं कुणाला खरं वाटत नाही. त्या वेळी हिशेब साधा होता. ही मुलं कुठं जाणार नाहीत, इथंच राहणार आहेत. मग ती शिकलेली असावीत की न शिकलेली? २००५ मध्ये त्या कायद्याचं दार आणखी रुंद केलं, आणि टेक्सासच्या शाळांत वाढलेली व्हिसावरची मुलंही त्यातून आत येऊ लागली.

दहा वर्षांनी, सप्टेंबर २०११ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असताना पेरींना त्यावरून चर्चेत घेरलं गेलं. त्यांनी उलट सुनावलं की आपला दोष नसताना इथं आणलेल्या मुलांना शिकवू नका म्हणणाऱ्यांना हृदयच नाही. नंतर शब्द चुकला म्हणून माघार घेतली, पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. त्या आठवड्यात आमच्याकडं मंडळाच्या चारपाच घरांचं जेवण होतं, पुरी-भाजी आणि श्रीखंड. विषय निघाला. आणि मी, हातातला डाव खाली न ठेवता, म्हणाले, "आपण रांगेत उभं राहायचं आणि यांनी मागच्या दारानं यायचं. वर फी माफ!"

फी माफ नव्हती. राज्यातल्या बाकीच्या पोरांइतकीच होती. पण आपण जेवणाच्या पंगतीत आकडे कुठं तपासतो?

'रांग' हा आपल्या लोकांचा फार लाडका शब्द आहे. आम्ही रांगेत आहोत. त्यांनी रांग मोडली. मलाही तो पुरेसा वाटायचा. रांग मोडायला रांग असावी लागते, आणि छपरावर पत्रे ठोकणाऱ्या, सातवी शिकलेल्या मेक्सिकन माणसाला उभं राहता येईल अशी रांग अमेरिकेत जवळजवळ नाहीच, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आमची रांग निदान आहे. दर देशाला सात टक्के, या १९९० च्या नियमानं ती दोरीनं बांधून ठेवली आहे हे खरं, पण आहे.

शिव्या ज्याला दिल्या त्याच कायद्याच्या आधारानं माझा मुलगा आता फी भरणार होता. बँकेत आम्ही दोघं गेलो. नोटरी म्हणजे तिथल्याच काउंटरवरची एक बाई, गळ्यात चष्म्याची साखळी. तिनं त्याला उजवा हात वर करायला लावला. त्यानं शपथ घेतली, सही केली, तिनं शिक्का दाबला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आई, दोन महिन्यांपूर्वी व्हिसाच्या अर्जात आपण लिहिलं की शिक्षण झाल्यावर मी भारतात परत जाणार. आणि आज शपथेवर लिहिलं की मी इथंच कायम राहायला अर्ज करणार."

मी गाडी चालू केली. एफ-१ व्हिसाला परत जायचा इरादा दाखवावा लागतो, आणि टेक्सासच्या फीसाठी राहायचा. दोन्ही कागद खरे. सरकारं दोन, आणि प्रत्येकाला आपल्या मनासारखं उत्तर हवं.

*

लायब्ररीतल्या त्या मुलीच्या वडिलांना मी ओळखत होते, फक्त ते तिचे वडील हे ठाऊक नव्हतं. आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये गारा पडतात. आपल्याकडं पडतात तशा नाहीत, लिंबाएवढ्या. गाड्यांच्या काचा फुटतात, घरांची छपरं चाळणी होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारोदार छपरं बदलणाऱ्यांचे ट्रक फिरू लागतात. तीन वर्षांपूर्वी आमचं छप्पर बदललं. सहा माणसं, सकाळी साडेसहाला वर चढली, ऊन शंभर फॅरेनहाइटच्या पुढं. दुपारी मी खाली ताक नेऊन ठेवलं, मीठ-जिरं घालून. पाच जणांनी तोंड वाकडं केलं, एकानं दोन ग्लास प्यायले आणि आणखी आहे का विचारलं. परवा ती मुलगी ताकाचा किस्सा सांगत हसायला लागली तेव्हा कळलं, तो दोन ग्लासवाला तिचा बाप.

मुद्दा सोडून बोलते आहे असं वाटेल. तसं नाही. सर्वांत मोठा आक्षेप असतो तो कराचा. "आमच्या करावर यांची पोरं शिकणार." टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. एक डॉलरही नाही. राज्याची तिजोरी भरते ती मुख्यतः विक्रीकरानं, शाळा चालतात त्या बऱ्याचशा घरपट्टीवर. खिळ्यांचं खोकं घेताना तिचा बाप तोच सव्वाआठ टक्के कर देतो जो मी नवऱ्याचे बूट घेताना देते. भाडं देतो तेव्हा मालकाची घरपट्टी त्यातूनच जाते. केंद्राच्या करांचा हिशेब वेगळा काढता येईल, पण विद्यापीठं राज्याची आहेत, आणि राज्याच्या पेटीत त्याचा हात माझ्याइतकाच गेलेला आहे.

म्हणजे दुसऱ्या बाजूला काहीच दम नाही असं नाही. आहे, आणि तो करात नाही, ओक्लाहोमात आहे. रेड नदी ओलांडली की ओक्लाहोमा. तिथला अमेरिकन नागरिक असलेला मुलगा टेक्सासला शिकायला आला तर त्याला बाहेरच्याची फी. आणि ज्याच्याकडं या देशात राहायचा कागद नाही त्याला आतल्याची. हे उलटं नाही का? नवरा हेच म्हणतो, आणि तो काही वाईट माणूस नाही. १९९६ मध्ये काँग्रेसनं नेमकं हेच हेरून कायदा केला. कायदेशीर दर्जा नसलेल्याला 'रहिवासाच्या आधारावर' उच्च शिक्षणातली सवलत द्यायची, तर तीच सवलत देशातल्या प्रत्येक नागरिकाला, तो कुठंही राहत असला तरी, मिळाली पाहिजे. नाहीतर देऊ नका.

त्या वाक्यातल्या 'रहिवासाच्या आधारावर' या शब्दांवर पुढची पंचवीस वर्षं वकिलांची घरं चालली. कॅलिफोर्निया हुशार. त्यांनी 'राहिलात का' हे विचारलंच नाही, 'आमच्या शाळेत तीन वर्षं शिकलात का' हे विचारलं. मग नेवाडात राहायला गेलेला पण कॅलिफोर्नियात शाळा झालेला अमेरिकन मुलगाही त्यात बसतो, म्हणजे सवलत रहिवासावर नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे मान्य केलं. टेक्सासच्या कायद्यात मात्र शाळाही होती आणि 'राहणं'ही होतं. छत्तीस महिने राहणं. तिथंच त्याची शीर उघडी राहिली.

माझं मत? ओक्लाहोमाच्या मुलाला ओक्लाहोमात स्वस्त फी आहे. त्याला त्याचं एक राज्य आहे. या मुलीला टेक्सास सोडून कुठलं राज्य आहे? मेक्सिकोतल्या ज्या गावात ती जन्मली तिथलं तिला काहीही आठवत नाही. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर नाव, इयत्ता आणि हायस्कूलच्या फुटबॉल टीमचं चिन्ह.

*

शाळा म्हटल्यावर टायलर आठवलं. आमच्याइथून पूर्वेला दीड-दोन तासांवर हे गुलाबांचं गाव. गुलाब पाहायला आम्ही गेलोही आहोत, फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं, आणि या गावात काय घडलं होतं याची आम्हाला गंधवार्ता नव्हती.

१९७५ मध्ये टेक्सासनं कायदा केला की कागद नसलेल्या मुलांसाठी राज्य शाळांना पैसे देणार नाही. १९७७ मध्ये टायलरच्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागं वर्षाला हजार डॉलर फी लावली. हजार डॉलर, तेव्हाचे, शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या घरांना. चार कुटुंबांनी दावा लावला, टोपणनावांनी. न्यायाधीशांनी, त्यांचं नाव विल्यम वेन जस्टिस, गाजावाजा होऊ नये म्हणून सुनावणी सकाळी सहाला ठेवली. ती कुटुंबं आली तेव्हा त्यांच्या गाड्यांत घरातलं सामान भरलेलं होतं. कोर्टातून थेट सीमेपार पाठवलं तर सोबत असावं म्हणून.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. पहाटे चार-साडेचारला उठून, पोरांना उठवून, अंधारात गाडीत गाद्या आणि भांडी कोंबणारी ती आई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तिला ठाऊक होतं की हे सामान परत उतरवायची वेळ येईलच असं नाही. तरी गेली. कशासाठी, तर दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या शाळेसाठी.

१५ जून १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, पाच विरुद्ध चार. आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही, शाळा सर्वांना. एका मतानं. पण तो निकाल बारावीपर्यंतच. दाराच्या चौकटीपर्यंत राज्यानं मुलीचा हात धरायचा, आणि चौकट ओलांडली की विचारायचं, "तू कोण गं?" बरोबर तीस वर्षांनी, १५ जून २०१२ ला, ओबामा सरकारनं लहानपणी आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना दिला, ते डाका. त्याची अट, १५ जून २००७ पासून सलग इथं असलं पाहिजे. माझी विद्यार्थिनी २००८ च्या वसंतात आली. एका वर्षानंही नाही, काही महिन्यांनी हुकली. शिवाय टेक्सासच्याच एका कोर्टाच्या आदेशानं २०२१ पासून नवे अर्ज मंजूर होणं बंद आहे. आता बारावी होणाऱ्या तिच्या वयाच्या बहुतेक पोरांना डाका म्हणजे थोरल्या भावंडांची गोष्ट.

*

एवढं सगळं कळूनही माझ्या डोक्यात एक गोष्ट पेटली नव्हती. ती पेटवली बाबांनी, फोनवर.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, बेळगावपासून तासाभराच्या आतलं. म्हणजे कर्नाटक. आणि म्हणजे महाराष्ट्र, असं आमच्या घरात. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली तेव्हा आमचं गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासून दर एक नोव्हेंबरला बाबा काळा दिवस पाळतात. महाजन आयोग आला नि गेला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र मागतो ती गावं आठशे पासष्ट, आणि त्यांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्र आपल्या कॉलेजांत आपली म्हणून घेतो. अभियांत्रिकीच्या प्रवेश-नियमांत आजही त्यासाठी वेगळा प्रकार आहे, वादग्रस्त सीमाभागातला, मातृभाषा मराठी असलेला उमेदवार.

मी त्यातलीच. १९९४ मध्ये कोल्हापूरला इंजिनीअरिंगला गेले ती याच दारानं. बाबा दाखल्यांसाठी खानापूरच्या कचेरीत चार खेपा गेले. कारकून कानडी, माणूस भला. मातृभाषा मराठी असल्याचा दाखला अखेर मिळाला, आणि त्याच्यावरचा शिक्का कानडीत होता. बाबांनी तो कागद उन्हात धरून वाळवल्यासारखा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "चालंल. आतलं मराठी आहे."

हॉस्टेलवर माझी खोलीतली मैत्रीण सातारची. स्वभावानं लाख, पण पहिल्याच महिन्यात एकदा म्हणाली, "तुम्ही कर्नाटकातली लोकं येऊन आमच्या जागा खाता. माझा भाऊ दोन मार्कांनी राहिला." मला काय बोलावं सुचेना. मी कर्नाटकातली नाही, असं म्हणायला गेले, तर माझा पत्ताच कर्नाटकातला होता. मी रात्री अंथरुणात रडले ते तिच्या बोलण्यानं नाही. तिच्या भावाचे दोन मार्क खरे होते म्हणून.

तर बाबांना मी सहज या मुलीचं सांगत होते. फॉर्म, छत्तीस महिने, शपथ. ते ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या दाखल्यासारखंच की. तुझा शिक्का कानडी होता, तिला शिक्काच नाही."

मी लगेच वाद घातला. तसं नाही बाबा, आपण भारताचे नागरिक, आपण सीमा ओलांडली नाही, सीमाच आपल्यावरून गेली. तिच्या आईबापांनी ठरवून ओलांडली. हा फरक मोठा आहे. बाबा म्हणाले, हो, आहे. एवढंच म्हणाले. ते शिक्षक होते, पोरानं उत्तर स्वतः शोधावं म्हणून गप्प बसायची त्यांना सवय आहे. फरक आहे, मी अजूनही म्हणते. पण दोन वर्षांच्या पोरीनं काय ठरवलं होतं?

*

४ जून २०२५. त्या वर्षी टेक्सासच्या विधिमंडळात हा कायदा रद्द करायचं विधेयक आलं होतं. समितीतून बाहेर आलं, पण सभागृहात मतालाच पडलं नाही, आणि २ जूनला अधिवेशन संपलं. मला वाटलं, टळलं. दोन दिवसांनी केंद्राच्या न्याय खात्यानं टेक्सास राज्यावर दावा लावला, विचिटा फॉल्सच्या कोर्टात. १९९६ च्या कायद्याशी हा कायदा विसंगत आहे म्हणून. आणि टेक्सासनं त्याच दिवशी सांगितलं, बरोबर आहे तुमचं. वादी-प्रतिवादी एकाच बाजूला. न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी त्याच दिवशी आदेशावर सही केली. चोवीस वर्षांचा कायदा सकाळी होता, संध्याकाळी नव्हता. ज्यांची फी त्यावर होती त्यांच्यातलं कोणीही कोर्टात नव्हतं. त्यांच्या वतीनं मागाहून संघटना धावल्या.

निकाल चुकीचाच होता असं मी म्हणणार नाही. त्या उघड्या शिरेबद्दल वर लिहिलंच आहे, कधीतरी कुणी तिथं सुरी लावणार होतं. पण कोर्टात भांडण होतं तेव्हा निदान एक बाजू 'नाही' म्हणते. इथं नाही म्हणायचं काम ज्याचं, त्यानंच मान डोलावली. विधिमंडळाला जे करायला मत टाकावं लागलं असतं, ते कुणालाही मत न टाकता झालं. केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा, इलिनॉय यांच्यावर त्याच वर्षी तसेच दावे लागले. फ्लोरिडानं कोर्टाचीही वाट पाहिली नाही, फेब्रुवारीतच आपली २०१४ ची सवलत विधिमंडळातून रद्द केली. २०१४ मध्ये ती सवलत आणणाऱ्या आमदार, जनेट नुन्येझ, २०२५ मध्ये उपगव्हर्नर असताना ती रद्द व्हावी म्हणत होत्या. राजकारणात अकरा वर्षं म्हणजे माणूस बदलायला पुरेसा वेळ.

मी आधी काय केलं ते सांगते. मी मुलाची फाइल काढली. आदेश लागू होता तो कायदेशीर दर्जा नसलेल्यांना. माझ्या मुलाला एफ-१ आहे, दर्जा आहे. त्याचा फॉर्म शाबूत. तोच फॉर्म, तेच छत्तीस महिने, तशीच एका बँकेतली सही. त्याचा चालू, तिचा रद्द. मी आदेशाची बातमी दोनदा वाचून याची खात्री केली, आणि त्यानंतर मला तिची आठवण झाली. हा क्रम मला लपवायचा नाही.

ती पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही. कॉलेजांना कुणाला वगळायचं आणि कुणाला नाही हे शोधायचं काम दिलेलं, आणि त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. जुलैत तिचा फोनवर निरोप आला, सोबत फीच्या पानाचा फोटो. सहामाहीचं बिल साडेपाच हजारांचं होतं ते बारा हजारांच्या घरात गेलेलं. शिवाय राज्याचं अनुदान गेलं, कारण तेही त्याच रहिवासावर मिळायचं. बिलात एक छोटासा तपशील होता, तो मी अजून विसरले नाही. वर्गवारीच्या रकान्यात आधी 'टेक्सास' होतं, तिथं आता 'नॉन-रेसिडेंट, फॉरेन' असं आलं होतं. पत्ता तोच होता. घर क्रमांक, अपार्टमेंट क्रमांक, सगळं तेच.

मी मंडळात पैसे जमवायचा विचार बोलून दाखवला. दोन घरांनी लगेच दिले, एकानं गुपचूप, नाव न सांगता. एका ओळखीच्यांनी विचारलं, "आपल्या पोरांचं एकवीसचं काय? त्यासाठी कोण पैसे जमवतंय?" प्रश्न खोटा नाही. आमच्याच मंडळात तीन मुलं गेल्या दोन वर्षांत कॅनडाला गेली. इथं बालवाडीपासून वाढलेली, बेसबॉल खेळणारी, मराठी शाळेत रडतखडत बाराखडी शिकलेली. पण तो प्रश्न आणि हा प्रश्न मला आता दोन वाटत नाहीत, आणि ते त्यांना पटवण्याइतकं बोलणं मला जमलं नाही. नवऱ्यानं ऐकून घेतलं. रात्री झोपताना म्हणाला, "ओक्लाहोमाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही." म्हटलं, नको सोडूस. सकाळी मी पाहिलं, त्याच्या खात्यातून पाचशे डॉलर वळते झाले होते.

पैसे तिनं घेतले नाहीत. म्हणजे तिच्या वडिलांनी घेऊ दिले नाहीत. तिनं विद्यापीठ सोडलं आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन विषय घेतले, तिथं बाहेरचा दरही त्या मानानं कमी पडतो. इंजिनीअरिंग करायचं होतं. दोन-दोन विषयांनी किती वर्षं लागतील ते तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडून मला दाखवलं, अगदी व्यवस्थित, कॅल्क्युलसच्या गणितासारखं पायरी-पायरीनं. उत्तराखाली दोन रेघा मारलेल्या.

ऑक्टोबरपासून ती पुन्हा शनिवारी येते. आता शिकायला कमी, शिकवायला जास्त. बारावीची पोरं कॉलेजचे अर्ज घेऊन येतात आणि तिच्याभोवती बसतात, कारण तिला स्पॅनिशही येतं आणि फॉर्मही येतात. मी शेजारच्या टेबलावर बीजगणित तपासत असते. परवा एक मुलगा अर्ज भरता भरता अडला. रहिवासाचं पान आलं होतं. टेक्सासमध्ये किती काळ राहिलात, शाळा कुठली, शपथपत्र जोडलं आहे का. त्यानं तिच्याकडं पाहिलं.

तिनं वाकून पान वाचलं, पेन्सिलीनं त्या रकान्याभोवती एक हलकी चौकट काढली आणि म्हणाली, "हे आत्ता कोरं ठेव. पुढचं भरू."